ऐंशी तासांचं सरकार

मुलांनो, आधी एक तोंडी गणित. शनिवारी सकाळी ८ वाजता सुरू झालेलं काम मंगळवारी दुपारी ४ वाजता संपलं, तर ते किती तास चाललं? शनिवार सकाळ ते मंगळवार सकाळ झाले ७२ तास. त्यात सकाळी ८ ते दुपारी ४ असे आणखी ८ मिळवा. झाले ८० तास!

एवढंच आयुष्य लाभलेलं एक सरकार आपल्या महाराष्ट्रात होऊन गेलं. तारीख होती २३ नोव्हेंबर २०१९. तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत असतील. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना तो शनिवार नक्की आठवेल. कारण त्या दिवशी दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत छापलं होतं, की उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार. आणि चहाचा कप हातात घेऊन टीव्ही लावला, तर मुंबईच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन मोकळे झालेले! पेपर खरा की टीव्ही, अशी लोकांची गंमत झाली. तसं पाहिलं तर दोन्ही खरे होते. पेपर रात्रीपर्यंतची बातमी सांगत होता आणि टीव्ही सकाळची.

हे असं कसं झालं? त्यासाठी महिनाभर मागं जाऊ.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार असतात. सरकार चालवायचं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त आमदारांचा पाठिंबा हवा. २८८ चे निम्मे १४४, त्यात एक मिळवला की १४५. हा १४५ आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याभोवतीच फिरते. २१ ऑक्टोबर २०१९ ला मतदान झालं, २४ ला निकाल लागला. भारतीय जनता पक्ष १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी काँग्रेस ५४ आणि काँग्रेस ४४. बाकीचे लहान पक्ष आणि अपक्ष. आता बघा, यातला एकही पक्ष एकट्यानं १४५ पर्यंत जात नाही. म्हणजे कुणीतरी कुणाचा तरी हात धरायलाच हवा.

आपल्या जालना जिल्ह्यातून पाच आमदार जातात. त्या वेळी परतूरमधून बबनराव लोणीकर, बदनापूरमधून नारायण कुचे आणि भोकरदनमधून संतोष दानवे हे तिघं भाजपचे निवडून आले होते. घनसावंगीतून राजेश टोपे राष्ट्रवादीचे, तर जालन्यातून कैलास गोरंट्याल काँग्रेसचे. एकाच जिल्ह्यातले पाच, पण तीन इकडे आणि दोन तिकडे. मुंबईत जे चाललं होतं त्याचं छोटं चित्र आपल्या जिल्ह्यातच होतं म्हणा ना.

भाजप आणि शिवसेना निवडणूक एकत्र लढले होते. १०५ आणि ५६ मिळून १६१ होतात, म्हणजे सरकार सहज बनायला हवं होतं. पण मुख्यमंत्रिपद कोणाकडं आणि किती काळ, यावरून दोघांचं फाटलं. ८ नोव्हेंबरला फडणवीसांनी राजीनामा दिला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी आधी भाजपला विचारलं, मग शिवसेनेला, मग राष्ट्रवादीला. १४५ चा आकडा कुणालाच वेळेत दाखवता आला नाही. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. म्हणजे राज्यात मुख्यमंत्री नाही, मंत्री नाहीत, कारभार राज्यपालांच्या हाती.

इथं थोडं थांबू या. कारण हा सगळा आकड्यांचा खेळ मुंबईत चालू होता, तेव्हा आपल्याकडं शिवारात काय चाललं होतं?

त्या वर्षी अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. दिवाळीच्या सुमारास पाऊस जो लागला तो थांबेचना. काढणीला आलेलं सोयाबीन रानात भिजलं, शेंगांतच कोंब फुटले. मक्याच्या कणसांना मोड आले. वेचणीला आलेला कापूस काळा पडला. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगायला नको. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येऊन पंचनामे करत होते. पण पंचनामा म्हणजे फक्त नुकसानीची नोंद. मदत किती द्यायची, कधी द्यायची, हे ठरवणार कोण? ठरवायचं मंत्रिमंडळानं, आणि मंत्रिमंडळच जागेवर नाही!

शेवटी १६ नोव्हेंबरला राज्यपालांनीच मदत जाहीर केली. खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८ हजार रुपये, फळबागांना हेक्टरी १८ हजार रुपये, तेही जास्तीत जास्त दोन हेक्टरांपर्यंत. अडीच एकरांचा एक हेक्टर. म्हणजे सोयाबीनवाल्याला एकरी ३२०० रुपये पडले. मोसंबीची बाग असेल तर एकरी ७२००. एका एकराला बियाणं, खत, फवारणी आणि मजुरी धरून किती खर्च येतो, हे आज घरी विचारून वहीत लिहा. मग ३२०० रुपये म्हणजे किती, ते तुमचं तुम्हालाच कळेल. सरकार असणं-नसणं ही फक्त पेपरातली बातमी नसते, ती अशी पासबुकात उतरते.

आता पुन्हा मुंबईला. राष्ट्रपती राजवट लागल्यावर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची बोलणी सुरू झाली. ५६, ५४ आणि ४४ यांची बेरीज १५४. २२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी शरद पवारांनी सांगितलं, की ठाकरेंच्या नावावर सगळ्यांचं एकमत झालंय. पेपरवाल्यांनी तेच छापलं.

पण त्याच रात्री दुसरी चक्रं फिरली. अजित पवार हे तेव्हा राष्ट्रवादीच्या आमदारांचे नेते होते. त्यांनी पक्षाच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी राज्यपालांकडं पोचवली. भाजपचे १०५, हे ५४ आणि वर ११ अपक्ष, असा १७० आमदारांचा दावा फडणवीसांनी केला. राष्ट्रपती राजवट उठवायला एरवी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते. त्या रात्री ती झाली नाही. घाईच्या प्रसंगी प्रधानमंत्री स्वतःच्या अधिकारात निर्णय घेऊ शकतात असा एक नियम आहे, बारा नंबरचा, तो वापरला गेला. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि ८ च्या सुमारास शपथ झाली. आपण पहाटेचे ५.४७ वाजलेत तर कूस बदलून परत झोपतो!

तर असं हे सरकार. मंत्रिमंडळ किती जणांचं? दोघांचं. महाराष्ट्रात नियमानं मुख्यमंत्री धरून ४३ पर्यंत मंत्री करता येतात, कारण २००३ च्या घटनादुरुस्तीनं आमदारसंख्येच्या १५ टक्के ही मर्यादा घातली आहे. २८८ चे १५ टक्के काढून बघा. या दोघांना तिसरा मंत्री करायलाही वेळ मिळाला नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. ५४ सह्या म्हणजे ५४ आमदार का? सही कशासाठी केली आणि ती कुठं दाखवली, यात फरक असू शकतो. राष्ट्रवादीचं म्हणणं होतं, की त्या सह्या आमदारांनी बैठकीत केल्या होत्या, भाजपला पाठिंबा द्यायला नव्हे. राजभवनात सकाळी हजर असलेले काही आमदार दुपारपर्यंत शरद पवारांकडं परत आले. शिवाय पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं तर दोन तृतीयांश आमदार बरोबर लागतात, नाहीतर आमदारकी जाते. ५४ चे दोन तृतीयांश किती? ३६. एवढे जमवणं सोपं नव्हतं.

तिन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी न्यायालय उघडलं. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा, अशोक भूषण आणि संजीव खन्ना यांच्यापुढं सुनावणी झाली. सोमवारी २५ तारखेला पुन्हा सुनावणी. त्याच संध्याकाळी मुंबईच्या एका हॉटेलात तिन्ही पक्षांनी आपले आमदार एकत्र उभे केले आणि ‘आम्ही १६२’ असं जाहीर केलं. इकडं मुख्यमंत्री फडणवीस यांनी कामकाज हाती घेतलं होतं. अवकाळीग्रस्त शेतकऱ्यांसाठी आकस्मिकता निधीतून ५३८० कोटी रुपयांच्या मदतीला त्यांनी त्याच दिवशी मंजुरी दिली. सरकार ८० तासांचं असलं तरी त्याची सही पूर्ण सही असते, हे विसरू नका. अल्पायुषी सरकारनं घेतला म्हणून निर्णय आपोआप रद्द होत नाही.

मंगळवारी २६ नोव्हेंबरला न्यायालयानं आदेश दिला. हा दिवस तुम्हाला माहीत आहे, संविधान दिन. शाळेत आपण उद्देशिका वाचतो ना, तोच. आदेश असा होता: उद्या, २७ तारखेला संध्याकाळी ५ च्या आत सगळ्या आमदारांची शपथ उरका आणि लगेच सभागृहात बहुमत मोजा. चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान नाही, सगळ्यांसमोर उघड मोजणी. आणि ते लोकांना टीव्हीवर थेट दिसलं पाहिजे.

आमदारांची शपथ? हो. निकाल लागून महिना उलटला होता, पण निवडून आलेल्या आमदारांनी आमदार म्हणून अजून शपथच घेतली नव्हती, कारण विधानसभा भरलीच नव्हती. २४ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर, ३४ दिवस. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात पहाटेच्या शपथविधीपेक्षा हे ३४ दिवस जास्त खटकतात. लोकांनी मतं देऊन माणसं निवडली आणि ती माणसं एका छताखाली बसलीच नाहीत.

आदेश आला आणि दुपारी आधी अजित पवारांनी राजीनामा दिला. मग फडणवीसांनी पत्रकारांसमोर सांगितलं, की आमच्याकडं बहुमत नाही, मी राजीनामा देतो. मोजणी होण्याआधीच सरकार संपलं. सभागृहाला सामोरं न जाता गेलेलं सरकार. २७ ला कालिदास कोळंबकर यांनी हंगामी अध्यक्ष म्हणून आमदारांना शपथ दिली. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले.

मुलांनो, अशी थोड्या दिवसांची सरकारं जगात पुष्कळ झाली. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला प्रशांत महासागरात सॉलोमन बेटं नावाचा शेकडो बेटांचा देश आहे. तिथल्या संसदेत ५० सभासद. २००६ च्या एप्रिलमध्ये तिथं स्नायडर रिनी यांची पंतप्रधान म्हणून निवड झाली. पैसे देऊन खासदार फोडले असा लोकांना संशय आला. होनियारा या राजधानीत जाळपोळ झाली, चिनी व्यापाऱ्यांची पेठ भस्मसात झाली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक बोलवावे लागले. २० एप्रिलला रिनींनी शपथ घेतली आणि २६ एप्रिलला, अविश्वास ठरावावर मतदान होण्याच्या तोंडावर, राजीनामा दिला. मोजणीआधीच माघार, इथंही तसंच. पण आपल्याकडं एक काडीही जळली नाही. भांडण न्यायालयात गेलं आणि तिथून सभागृहाकडं.

सभागृह लहान असलं की सरकार पटकन डगमगतं. शेजारच्या गोव्यात ४० आमदार, बहुमत २१. १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला २० आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १८ जागा मिळाल्या. एवढ्याशा फरकात काही जण इकडचे तिकडं झाले आणि १९९० च्या मार्चमध्ये प्रतापसिंह राणे यांचं सरकार पडलं. चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले ते १८ दिवसांसाठी. त्यांच्यानंतर आलेले लुईस प्रोतो बार्बोझा त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेले. १९९४ च्या एप्रिलमध्ये रवी नाईक यांना तर आठवडाभरच खुर्ची मिळाली. दिल्लीतही १९९६ साली अटलबिहारी वाजपेयी यांचं पहिलं सरकार १३ दिवस टिकलं. त्यांनी लोकसभेत चर्चा होऊ दिली, भाषण केलं आणि मतदान न घेता राजीनामा द्यायला निघाले. पुढं १९९९ मध्ये त्यांचंच सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. एका!

सगळीच छोटी सरकारं भांडणातून येत नाहीत, बरं का. २४ नोव्हेंबर १९६३ ला मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं पदावर असतानाच निधन झालं. राज्य रिकामं ठेवता येत नाही, म्हणून पी. के. तथा बाळासाहेब सावंत यांनी काही दिवस मुख्यमंत्रिपद सांभाळलं. ५ डिसेंबरला त्यांनी ते वसंतराव नाईकांच्या हाती दिलं. नाईक मग ११ वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री राहिले. एकजण दहा-बारा दिवसांचा, दुसरा ११ वर्षांचा. पण गंमत पहा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला सावंतांचं नाव आहे, आणि ज्या परभणीच्या विद्यापीठातून आपल्याकडं बियाणं आणि सल्ला येतो, त्याला नाईकांचं.

बहुमत सभागृहातच मोजायचं, राजभवनात नाही, हे ठरलं कसं? कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचं सरकार १९८९ मध्ये बरखास्त झालं. तुमच्याकडं बहुमत नाही, असं राज्यपालांनी परस्पर ठरवलं होतं. बोम्मई न्यायालयात गेले. १९९४ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, की बहुमत आहे की नाही याची परीक्षा सभागृहात होते, कुणाच्या मनात नाही. बोम्मईंना त्यांची खुर्ची परत मिळाली नाही, पण पुढच्या सगळ्यांना मोजमापाची पट्टी मिळाली. १९९८ मध्ये उत्तर प्रदेशात जगदंबिका पाल रात्रीतून मुख्यमंत्री झाले, तेव्हाही न्यायालयानं मोजणीच करायला लावली. कल्याणसिंह २२५ आणि पाल १९६. संपलं भांडण.

आपल्या मुंबईतली मोजणी ३० नोव्हेंबर २०१९ ला झाली. दिलीप वळसे-पाटील हंगामी अध्यक्ष होते. भाजपचे आमदार सभात्याग करून बाहेर गेले. उरलेल्यांतला एकेक आमदार जागेवर उभा राहायचा, नाव सांगायचा, आकडा म्हणायचा आणि खाली बसायचा. अगदी आपली हजेरी! ठरावाच्या बाजूनं १६९ झाले, विरोधात कुणीच नाही, चौघं तटस्थ. ३० डिसेंबरला मंत्रिमंडळ वाढलं. आपल्या घनसावंगीचे राजेश टोपे आरोग्यमंत्री झाले आणि अडीच महिन्यांत कोरोना आला. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री म्हणून पुन्हा शपथ कुणी घेतली? अजित पवारांनी. या वेळी दुसऱ्या बाजूनं. ते सरकारही जून २०२२ मध्ये बहुमताच्या मोजणीच्या आदल्या रात्री राजीनामा देऊन गेलं. आणि फडणवीस ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले.

तुमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ असेलच. स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री, सहल मंत्री. आमच्या शाळेत तर पाण्याची टाकी बघणारा पाणी मंत्री सगळ्यांत कामाचा. सरांना किंवा बाईंना विचारून एक प्रयोग करा. मुख्यमंत्र्यावर वर्गाचा विश्वास आहे का, हे दोन प्रकारे मोजा. आधी कोऱ्या चिठ्ठ्यांवर ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून डब्यात टाका आणि मोजा. मग दुसऱ्या दिवशी एकेकानं उभं राहून, नाव सांगून, मोठ्यानं आकडा म्हणा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ते सारखे आले का? नसतील, तर कोणता खरा धरायचा, यावर वर्गात बोला. आमच्या पाचवीत हे बोलणं मधली सुट्टी संपली तरी संपलं नव्हतं.